कुणी न उतरवलेला माल: लिव्हरपूलचा गोदी लढा, १९९५ ते १९९८

लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचा लढा शेवटी हरला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण या लढ्याबद्दल बोलताना बहुतेक जण थेट कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या धक्क्यावर अडकलेल्या जहाजाकडे वळतात आणि सगळं प्रकरण विजयगाथेसारखं ऐकू येऊ लागतं. सप्टेंबर १९९५ ते जानेवारी १९९८, असे अठ्ठावीस महिने. कामावरून काढलेले सुमारे पाचशे कामगार, आणि त्यांच्या पाठीशी दोन डझनांहून अधिक देशांतले गोदी कामगार. एका शहरातल्या वादाला एवढा पाठिंबा फार क्वचित मिळाला असेल. तरी नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. परदेशातल्या कामगारांच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्यातून काय हाती लागतं आणि काय निसटतं, हे समजून घ्यायला मला जिंकलेल्या लढ्यांपेक्षा हे प्रकरण जास्त उपयोगी वाटतं.

आधी या कामगारांना कशाची भीती होती ते पाहू. गोदीतलं काम मुळात रोजंदारीचं. जहाज लागलं तर काम, नाही तर हात हलवत घरी. सकाळी माणसं गोळा व्हायची आणि मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याची त्या दिवसाची चूल पेटायची. ब्रिटनमध्ये हा प्रकार मोडायला १९४७ उजाडावं लागलं. त्या वर्षी आलेल्या राष्ट्रीय गोदी कामगार योजनेने कामगारांची नोंदणी केली, काम नसलं तरी किमान रक्कम बांधून दिली, आणि कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे मालक आणि युनियन यांच्या संयुक्त मंडळाच्या हाती दिलं. १९८९ मध्ये थॅचर सरकारने ही योजना रद्द केली. त्याविरुद्धचा देशव्यापी संप मोडला. हजारो जुने कामगार भरपाई घेऊन बाहेर पडले आणि अनेक बंदरांत कंत्राटी, हंगामी माणसं आली. लिव्हरपूलमध्ये मात्र युनियन टिकून राहिली. बंदर चालवणाऱ्या मर्सी डॉक्स अँड हार्बर कंपनीला तिथे अजूनही युनियनच्या प्रतिनिधींशी बोलावं लागत होतं.

पण कंपनीने बाजूने वाट काढली होती. टॉरसाइड नावाची एक छोटी फर्म गोदीला माणसं पुरवू लागली होती. तिथे तरुण मुलं होती, पगार कमी, अटी कडक. त्यांतली बरीचशी मर्सी डॉक्सच्या जुन्या कामगारांचीच मुलं होती. पुढे जे घडलं ते या नात्याशिवाय कळत नाही.

२५ सप्टेंबर १९९५ ला ओव्हरटाइमच्या अटींवरून टॉरसाइडच्या पाच जणांना काढलं. बाकीचे त्यांच्या बाजूने उभे राहिले तेव्हा त्यांनाही काढलं, असे मिळून सुमारे ऐंशी. तीन दिवसांनी, २८ तारखेला, ही मुलं लिव्हरपूलच्या सीफोर्थ कंटेनर टर्मिनलच्या गेटवर पिकेट लावून, म्हणजे आत कामाला जाऊ नका असं सांगणारी रांग धरून, उभी राहिली. पिकेट ओलांडायची नाही, हा लिव्हरपूलच्या गोदीतला पिढीजात नियम. इथे तर समोर पोटचीच पोरं होती. मर्सी डॉक्सचे कामगार आत गेले नाहीत. कंपनीने त्यांनाही काढलं आणि त्यांच्या जागांसाठी जाहिराती दिल्या. या ३२९ जणांत पंचवीस-तीस वर्षं त्याच धक्क्यावर घालवलेली माणसं होती.

इथे कायद्याची गाठ समजून घ्यावी लागते, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवतीच फिरतं. दुसऱ्या मालकाच्या कामगारांना पाठिंबा म्हणून संप करणं ब्रिटनमध्ये १९८० पासून टप्प्याटप्प्याने अवघड होत गेलं आणि १९९० च्या कायद्याने जवळजवळ पूर्ण बेकायदा ठरलं. टॉरसाइड कागदावर वेगळा मालक. म्हणजे बापाने मुलाची पिकेट ओलांडली नाही, तर तो ‘दुय्यम कृती’ करतो. अशा संपाला युनियनने अधिकृत मान्यता दिली तर कोर्ट तिला दंड करू शकतं, तिची मालमत्ता जप्त करू शकतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञ समितीने या बंदीवर १९८९ पासूनच बोट ठेवलं होतं: संघटना स्वातंत्र्याच्या ८७ क्रमांकाच्या करारनाम्याशी ती जुळत नाही. ब्रिटनने हा करारनामा १९४९ मध्येच मान्य केला होता. तरी बंदी कायम राहिली.

म्हणून त्यांची स्वतःची युनियन, ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन, म्हणजे ‘टी अँड जी’, तिने हा लढा कधीच अधिकृत केला नाही. सरचिटणीस बिल मॉरिस यांचं म्हणणं असं की एका बंदरासाठी लाखो सभासदांच्या युनियनचा खजिना पणाला लावता येणार नाही. हलाखीत सापडलेल्या कुटुंबांना मदत मिळाली, सभेसाठी शहरातल्या युनियन कार्यालयाचा हॉल मिळाला. शिक्का मात्र मिळाला नाही. मॉरिस भ्याले, असं म्हणणं सोपं आहे आणि लिव्हरपूलमध्ये अनेकांनी ते म्हटलंही. मला वाटतं धोका खरा होता. पण लढा न पुकारताही युनियनने बरंच गमावलं, आणि त्याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

दर शुक्रवारी सगळ्यांची सभा व्हायची. शॉप स्टुअर्ड, म्हणजे धक्क्यावरून निवडलेले प्रतिनिधी, हेच नेतृत्व. घरच्या बायकांनी ‘वीमेन ऑफ द वॉटरफ्रंट’ नावाने स्वतःची संघटना उभी केली. त्या पिकेटवर उभ्या राहिल्या, देशभर सभांमधून बोलल्या. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या पगारावर चालणारं घर एका दिवसात बिनपगारी झालं, तेव्हा त्या घराच्या वतीने बोलायचा पहिला हक्क त्यांचा होता, आणि तो त्यांनी बजावला.

पण बंदर बंद पडलं नाही. नवी माणसं आली, टगबोटी चालू राहिल्या, जहाजं आत येत राहिली. देशातल्या इतर बंदरांकडून पाठिंब्याचा संप मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा स्टुअर्डांनी एक साधा विचार केला. जहाज एका बंदरात भरलं तरी दुसऱ्या बंदरात उतरावं लागतं. ब्रिटनचा कायदा ब्रिटनच्या किनाऱ्यावर संपतो.

लिव्हरपूलचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अटलांटिक कंटेनर लाइन, अर्थात एसीएल. तिची जहाजं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जात. डिसेंबर १९९५ मध्ये काही गोदी कामगार विमानाने न्यू जर्सीला गेले आणि कडाक्याच्या थंडीत न्यूआर्कच्या गेटवर पिकेट लावून उभे राहिले. अमेरिकेतही १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने दुय्यम बहिष्काराला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या आयएलए या युनियनला अधिकृत बहिष्कार पुकारता येत नव्हता. पण गेटवर पिकेट दिसली म्हणून एखादा कामगार घरी परतला, तर त्याला कोण काय करणार? न्यूआर्कचे कामगार परतले. लिव्हरपूलहून आलेली मूठभर माणसं आणि तिथले शेकडो कामगार यांच्यात आधी कुठलीही ओळख नव्हती.

माझ्या मते अख्ख्या लढ्यातला सगळ्यात धारदार वार हाच. मर्सी डॉक्सला जगभरच्या सहानुभूतीने फरक पडत नव्हता, पण एसीएल गेली तर पडत होता. १९९६ च्या उन्हाळ्यात एसीएलने खरोखरच लिव्हरपूल सोडलं. कंपनीच्या दारात पहिल्यांदाच तोट्याचा आकडा येऊन उभा राहिला. पण साधारण महिन्याभराने एसीएल परतली. हा दबाव आणखी काही महिने टिकला असता तर वाटाघाटीचं चित्र बदललं असतं, असं मला वाटतं. तो टिकवायला अमेरिकेच्या गेटवर आठवड्यामागून आठवडे माणसं उभी राहायला हवी होती, आणि तिथल्या युनियनला वरून अधिकृत विनंती जायला हवी होती. ती विनंती कोण करणार?

इथे आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाचा, आयटीएफचा, प्रश्न येतो. १८९६ मध्ये लंडनला स्थापन झालेली ही संघटना. ती जन्मली तीच मुळी गोदी आणि जहाजांवरच्या लढ्यांतून, एका बंदरातला संप दुसऱ्या बंदरातल्या मजुरांनी फोडू नये यासाठी. पण महासंघ हा युनियनांचा असतो. एखाद्या देशातली सभासद युनियन विनंती करते आणि मग महासंघ इतर देशांना हाक देतो. लिव्हरपूलच्या बाबतीत ती युनियन ‘टी अँड जी’, आणि तिच्या लेखी हा संप अधिकृत नव्हताच. शिवाय महासंघाचं मुख्यालय लंडनमध्ये, म्हणजे त्याच कायद्याच्या हद्दीत. नियमावर बोट ठेवून महासंघ बराच काळ मागे राहिला. नियमात खोट नाही, नाही तर कुठलाही गट कुणाच्याही नावाने जगभर हाक देईल. तरी लिव्हरपूलच्या माणसांना हे झोंबलं, आणि झोंबणारच. कायद्याने घरच्या युनियनचे हात बांधले आणि त्या गाठीने महासंघाचेही हात बांधले गेले.

मग त्यांनी महासंघाला वळसा घातला. फेब्रुवारी १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या बंदरांचे प्रतिनिधी लिव्हरपूलमध्ये जमले. लेबरनेट या संकेतस्थळावर आणि ईमेलवर रोजची बातमी जाऊ लागली. त्या काळात बहुतेक युनियन कार्यालयांत फॅक्स हीच नवलाई होती. २० जानेवारी १९९७ ला आंतरराष्ट्रीय कृतिदिन झाला. सत्तावीस देशांतल्या शंभराहून अधिक बंदरांत काही ना काही घडलं: कुठे काम थांबलं, कुठे सभा, कुठे ब्रिटिश वकिलातीसमोर निदर्शनं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आयएलडब्ल्यूयू या युनियनने आठ तास काम थांबवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असाच दुसरा दिवस पाळला गेला.

या दिवसांबद्दल मी भारावून बोलू शकतो, कारण पुकारणाऱ्यांकडे ना पद होतं, ना पैसा. पण अभ्यास म्हणून पाहिलं तर एक दिवसाचा थांबा मर्सी डॉक्सला सोसण्यासारखा होता. सिडनी किंवा सिएटलला आठ तास उशीर झाला तर त्याचा खर्च तिथला मालक भरतो. शंभर बंदरांत पसरलेला दबाव लिव्हरपूलपर्यंत पोचेतो पातळ होतो. एसीएलच्या वेळी न्यूआर्कच्या एका गेटवरून तो सरळ मर्सी डॉक्सच्या तिजोरीपर्यंत गेला होता. अर्थात या दिवसांनी लिव्हरपूलच्या माणसांना आणखी वर्षभर उभं राहायचं बळ दिलं, आणि तेही हिशेबात धरलं पाहिजे.

पैसाही येत होता. जगभरच्या बंदरांतून वर्गण्या येत होत्या. गोदी कामगारांच्या इतिहासात याला जुनं उदाहरण आहे: १८८९ च्या लंडन गोदी संपात ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी आणि नागरिकांनी मिळून सुमारे तीस हजार पौंड पाठवले होते, आणि तो संप त्या पैशावर तगला. लिव्हरपूलमध्ये शहरही सोबत होतं. मार्च १९९७ मध्ये लिव्हरपूलचा फुटबॉलपटू रॉबी फाउलर याने युरोपीय स्पर्धेतल्या सामन्यात गोल केल्यावर जर्सी वर करून आतला टीशर्ट दाखवला. त्यावर काढून टाकलेल्या पाचशे गोदी कामगारांच्या पाठिंब्याचा मजकूर होता. युरोपीय फुटबॉलच्या युएफा या संघटनेने त्याला दोन हजार स्विस फ्रँकचा दंड केला.

आता ते जहाज. २८ सप्टेंबर १९९७, सीफोर्थच्या पिकेटला बरोबर दोन वर्षं झाली होती. सिंगापूरच्या कंपनीचं ‘नेपच्यून जेड’ कॅलिफोर्नियात ओकलंडला लागलं. त्यातला काही माल इंग्लंडमधल्या थेम्सपोर्ट बंदरात भरलेला होता आणि त्या बंदराच्या कामकाजाशी मर्सी डॉक्सचा संबंध आहे, असं पिकेटवाल्यांचं म्हणणं होतं. गेटवर उभे राहिलेले लोक बहुतेक गोदी कामगार नव्हते. विद्यार्थी, इतर युनियनांचे कार्यकर्ते, आसपासचे रहिवासी असे ते होते. ही रचना जाणूनबुजून केलेली होती. गोदीची युनियन स्वतः बहिष्कार पुकारते तर कायद्याच्या कचाट्यात सापडते. इथे नागरिकांनी पिकेट लावली, आणि ती ओलांडून जाणं सुरक्षित नाही असं सांगून कामगार बाहेर थांबले. करारानुसार अशा वेळी मध्यस्थ प्रत्यक्ष धक्क्यावर येऊन निर्णय देतो. त्यात पाळी उलटते, मग दुसरी उलटते, आणि क्रेन उभीच राहते.

तीनेक दिवस थांबून जहाज माल न उतरवता निघालं. कॅनडात व्हँकुव्हरला तेच झालं. पॅसिफिक ओलांडून ते जपानला गेलं, तर योकोहामा आणि कोबेच्या कामगारांनीही त्या मालाला हात लावला नाही. शेवटी ते तैवानकडे वळलं. व्हँकुव्हर किंवा कोबेतल्या क्रेनचालकाने लिव्हरपूल कधी पाहिलंही नसेल. त्याला एवढंच माहीत होतं की हा माल कुठल्या कंपनीशी जोडलेला आहे आणि त्या कंपनीने पिकेट न ओलांडणाऱ्यांना घरी बसवलं आहे. त्या दिवशीची मजुरी त्याने सोडली. परदेशी कामगारांशी एकजूट या शब्दांचा मला माहीत असलेला सर्वांत नेमका अर्थ हाच: ओळख नसलेल्या माणसासाठी सोडलेली मजुरी.

आणि तरी लिव्हरपूलच्या नोकऱ्यांवर याचा परिणाम झाला नाही. नेपच्यून जेडचा फटका बसला तो जहाज कंपनीला आणि ज्यांचा माल होता त्यांना. मर्सी डॉक्सपर्यंत त्याची धग क्षीण होऊनच आली.

घरी मात्र दारं एकेक करून मिटत होती. मर्सी डॉक्समध्ये ब्रिटिश सरकारचा जवळपास चौदा टक्के हिस्सा होता. मे १९९७ मध्ये लेबर पक्ष सत्तेवर आला तेव्हा आता सरकार भागधारक म्हणून कंपनीला काहीतरी सांगेल, अशी आशा होती. सरकारने हिस्सा वापरला नाही आणि पाठिंब्याच्या संपावरची बंदीही ठेवली. कंपनीने मर्सी डॉक्सच्या माजी कामगारांना प्रत्येकी २८ हजार पौंड देऊ केले. टॉरसाइडची मुलं आपली नव्हेतच, ही तिची भूमिका शेवटपर्यंत होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये टपालाने मतदान झालं आणि दोन वर्षं पगार न पाहिलेल्या या माणसांनी बहुमताने तो पैसा नाकारला. तीन महिन्यांनी, २६ जानेवारी १९९८ ला, त्यांनी लढा थांबवला. तोवर कर्जं थकली होती, घरं मोडकळीला आली होती, काही साथी वारले होते. ज्यांनी नाकारायचं धैर्य दाखवलं त्यांनी शेवटी स्वीकारलं, म्हणून त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

पुढच्या दोन-तीन वर्षांत या लढ्याचे धागे इतरत्र दिसू लागले. ओकलंडच्या पिकेटवर मालकांच्या संघटनेने दावा लावला होता आणि पिकेटवर कोण कोण होतं त्यांची नावं मागितली होती. लोकांनी नावं दिली नाहीत. विरोध वाढत गेला आणि १९९८ च्या अखेरीस मालकांनी दावा सोडून दिला. लिव्हरपूलच्या निमित्ताने जमलेल्या बंदरांनी २००० साली इंटरनॅशनल डॉकवर्कर्स कौन्सिल ही स्वतंत्र संघटना उभी केली, आणि अनेक देशांतले गोदी कामगार आजही तिच्यात आहेत.

लिव्हरपूलचा लढा थांबून तीन महिने होत नाहीत तोच, ७ एप्रिल १९९८ च्या रात्री, ऑस्ट्रेलियात पॅट्रिक कंपनीने सुमारे चौदाशे गोदी कामगारांना एका फटक्यात काढलं आणि गेटवर कुत्र्यांसह पहारेकरी उभे केले. त्याच्या काही महिने आधी बदली माणसांना दुबईत प्रशिक्षण द्यायचा बेत उघड झाला होता. आयटीएफने दुबईच्या बंदरावर बहिष्काराचा इशारा दिला आणि बेत बारगळला. पुढे लंडनच्या कोर्टाने आयटीएफला मनाईही केली, पण बदली कामगारांनी भरलेलं ‘कोलंबस कॅनडा’ लॉस एंजेलिसला पोचलं तेव्हा आयएलडब्ल्यूयूच्या सभासदांनी ते उतरवलं नाही आणि ते माल घेऊन परत फिरलं. फरक असा की ऑस्ट्रेलियात घरची युनियन अधिकृतपणे लढत होती, कोर्टात तिची बाजू ऐकली गेली, आणि ४ मे रोजी तिथल्या सर्वोच्च पीठाने कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. तडजोडीत जवळजवळ निम्म्या नोकऱ्या गेल्या. पण युनियन धक्क्यावर राहिली.

सप्टेंबर २०२२ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत पुन्हा संप झाला. मर्सी डॉक्स तोवर पील पोर्ट्स समूहात गेली होती आणि ‘टी अँड जी’ युनाइट या मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली होती. या वेळी मतदान घेऊन, युनियनच्या नावाने, अधिकृतपणे पाचशेहून अधिक कामगार बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये १४.३ ते १८.५ टक्के पगारवाढ घेऊन ते कामावर परतले.